संधी सारखी, मग घोडे पेंड कुठे खाते?

आपल्या खानदेशात कुठल्याही मैदानाच्या कडेला घटकाभर उभे राहा, एक वाक्य हमखास कानावर येते. ‘आमच्या पोरांना संधीच मिळत नाही.’ जळगावच्या सागर पार्कवर ते ऐकू येते, धुळ्याच्या गरुड मैदानावर ऐकू येते आणि भुसावळला संध्याकाळी पोरांचा खेळ आटोपला की तिथेही तेच. वाक्य खोटे नाही. मुंबई-पुण्याच्या मुलाला जे मैदान, जो मार्गदर्शक, जी स्पर्धा घरापासून बसच्या अंतरावर मिळते, ती गाठायला आमच्या मुलाला रात्रीची गाडी धरावी लागते. हे वाक्य उच्चारणाऱ्यांत मीही आहे आणि ते मागे घेण्याचा माझा मुळीच विचार नाही.

पण या वाक्याच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. संधी मिळाली की यश आपोआप मिळेल, हे ते गृहीत. ते तपासून पाहायचे तर असे एखादे उदाहरण हवे की जिथे सर्वांना संधी मोजून मापून सारखी मिळाली, गुणी माणसे मिळाली, पैसा मिळाला आणि तरीही त्यातला एक जण सतत मागेच राहिला. एरवीच्या जगण्यात असे स्वच्छ उदाहरण सहसा सापडत नाही. तिथे कुणाच्या पाठीशी वडिलोपार्जित इस्टेट असते, कुणाच्या पाठीशी ओळखपाळख असते आणि हिशेब कायम गढूळ राहतो. खेळात मात्र ते सापडते. आणि त्यासाठी फार लांब जायला नको. ते आपल्याच राज्यात, पुण्याच्या बालेवाडीत घडले. एफसी पुणे सिटी या फुटबॉल क्लबची २०१४ ते २०१९ ही पाच हंगामांची कारकीर्द हे ते उदाहरण.

इंडियन सुपर लीग ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात आठ क्लब होते. त्यातले दोन महाराष्ट्राचे, मुंबई सिटी आणि पुणे सिटी. ज्याची थैली मोठी त्याचाच चषक, असे युरोपात जे होते ते इथे होऊ नये याची आयोजकांनी बरीच काळजी घेतली होती. भारतीय खेळाडूंपैकी बहुतेकांची वाटणी ‘ड्राफ्ट’ नावाच्या पद्धतीने झाली. गल्लीत खेळताना दोन्ही कप्तान पाळीपाळीने एकेक गडी मागून घेतात, तशातलाच हा प्रकार. परदेशी खेळाडू किती घ्यायचे आणि त्यातले किती मैदानात उतरवायचे, याला सगळ्यांना एकच नियम. मोठ्या नावाचा एक ‘मार्की’ खेळाडू प्रत्येकाला. पुढे खेळाडूंवरच्या खर्चालाही मर्यादा आली. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्याच्या मैदानावर खेळायचे. आणि शेवटचा क्रमांक आला म्हणून कुणालाही खालच्या गटात ढकलायचे नाही. म्हणजे अपयशाची शिक्षाही सर्वांना सारखीच होती, शून्य.

पुण्याला तर काकणभर जास्तच मिळाले होते असे म्हणता येईल. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले बालेवाडीचे संकुल हाताशी होते. मालकांत एक मोठा बांधकाम उद्योगसमूह आणि हृतिक रोशनसारखा नट होता. सुरुवातीला इटलीच्या फिओरेंटिना क्लबचे सहकार्य होते. पहिल्याच वर्षी १९९८ चा विश्वचषक जिंकलेल्या फ्रेंच संघातला डेव्हिड त्रेझेगे पुण्याच्या अंगरख्यात उतरला. दुसऱ्या वर्षी रुमानियाचा एड्रियन मुटू आला. त्याच वर्षीच्या लिलावात युजिनसन लिंगडोहसाठी पुण्याने १ कोटी ५ लाख रुपये मोजले. सुनील छेत्रीला मुंबईने १ कोटी २० लाख दिले होते हे लक्षात घेतले, की हात आखडता नव्हता हे कळते.

आता निकाल पाहा. २०१४ मध्ये आठ संघांत सहावा क्रमांक. २०१५ मध्ये सातवा. २०१६ मध्ये पुन्हा सहावा. २०१७-१८ च्या हंगामात स्पर्धा दहा संघांची झाली आणि पुणे चौथे आले. पहिल्यांदाच उपान्त्य फेरी गाठली. घरच्या मैदानावर बंगळुरूशी गोलशून्य बरोबरी साधली आणि ११ मार्च २०१८ रोजी बंगळुरूत छेत्रीने एकट्याने तीन गोल करून पुण्याला परत पाठवले. २०१८-१९ मध्ये पुन्हा सातवा क्रमांक. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये क्लबच बंद. पाच हंगाम, एक उपान्त्य फेरी, चषक एकही नाही.

अशा वेळी जी कारणे सांगितली जातात ती आपल्याला पाठ असतात. पहिले कारण नशीब. एका सामन्यात नशीब असते, एका हंगामातही असू शकते. पण पाच हंगाम ओळीने जे घडते त्याला नशीब म्हणणे म्हणजे विचार करण्याचा आळस होय. दुसरे कारण पंच. पंचांच्या चुका झाल्या, पण त्या सर्वांच्या वाट्याला आल्या. तिसरे कारण असे की मोठ्या नावाचे परदेशी खेळाडू उतारवयातले होते. ते खरे आहे. पण इतर क्लबांनी आणलेलेही उतारवयातलेच होते. त्यात पुण्याचे तेवढे वेगळे काय?

चौथे कारण जरा गंभीर आहे. माणसेच कमी गुणवत्तेची होती, असे ते कारण. ते तर मुळीच टिकत नाही. अँतोनियो हबास या स्पॅनिश प्रशिक्षकाने २०१४ मध्ये कोलकात्याला पहिलाच चषक जिंकून दिला होता. तोच हबास २०१६ मध्ये पुण्यात आला आणि सहावा आला. मार्सेलिनो हा ब्राझीलचा खेळाडू २०१६ मध्ये दिल्लीकडून खेळताना स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा ठरला होता. पुढच्या वर्षी तो पुण्याकडे होता. गोलरक्षक विशाल कैथ पुण्याकडून खेळला आणि २०२३ मध्ये कोलकात्याच्या मोहन बागानबरोबर विजेता झाला, त्या हंगामातला सर्वोत्तम गोलरक्षकही ठरला. मलप्पुरमचा आशिक कुरुनियन पुण्यातच घडला, जानेवारी २०१९ च्या आशियाई चषकात भारताकडून खेळला आणि पुढे इतरांच्या उपयोगी पडला. माणसे चांगली होती. ती पुण्यात येण्यापूर्वी चांगली होती आणि पुणे सोडल्यावरही चांगलीच राहिली. याचा अर्थ उणेपण माणसांत नव्हते. ते त्यांना धरून ठेवणाऱ्या भांड्यात होते.

इथे मला धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरची आठवण होते. पाऊस शेजारच्या दोन शिवारांवर सारखाच पडतो. आकाश भेदभाव करत नाही. पण एका शिवारातल्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी असते आणि दुसऱ्यातली फेब्रुवारीतच तळ दाखवते. २००४ पासून शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली जे काम झाले, त्यात पाऊस कुणी वाढवला नाही. नाले रुंद केले, खोल केले, बंधारे बांधले. पडलेले पाणी वाहून जायच्या आत थांबवले, मुरवले. पुण्याच्या क्लबवर पाऊस इतरांइतकाच पडला. तो मुरला नाही.

का मुरला नाही, याचे उत्तर एका यादीत आहे. पहिल्या वर्षी प्रशिक्षक इटलीचे फ्रँको कोलोंबा. दुसऱ्या वर्षी इंग्लंडचे डेव्हिड प्लॅट. तिसऱ्या वर्षी स्पेनचे हबास. चौथ्या वर्षी सर्बियाचे रान्को पोपोविच. पाचव्या वर्षी स्पेनचे मिगेल आंखेल पोर्तुगाल, ते तीन सामन्यांनंतर गेले. मग काही काळ प्रद्युम रेड्डी, मग इंग्लंडचे फिल ब्राउन. पाच हंगामांत सात जण. त्यातही सर्वांत बोलकी गोष्ट ही की ज्या पोपोविचच्या हाताखाली संघ प्रथमच चौथा आला, त्याच्या जागी पुढच्या हंगामात दुसरा माणूस होता. एकदाचे पाणी लागले, तर विहीर बुजवून दुसरीकडे खोदायला सुरुवात झाली.

ज्यांना फुटबॉलशी फारसे देणेघेणे नाही, त्यांच्यासाठी प्रशिक्षक बदलला की नेमके काय बिघडते ते सांगायला हवे. क्रिकेटमध्ये गोलंदाज आणि फलंदाज यांचे द्वंद्व असते, बाकीचे बरेचसे प्रेक्षक असतात. फुटबॉलमध्ये अकराच्या अकरा माणसे प्रत्येक क्षणी एकमेकांना बांधलेली असतात. बचावफळीतल्या चौघांनी एकाच वेळी पुढे सरकायचे की मागे हटायचे, हे बोलून ठरवायला वेळ नसतो. शेजारचा काय करणार हे पाठीला डोळे असल्यासारखे कळावे लागते. ते कळायला महिने जातात. एक प्रशिक्षक म्हणतो, चेंडू गेला की लगेच तुटून पडा. दुसरा म्हणतो, मागे या आणि वाट अडवा. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. पण खेळाडूच्या अंगात पहिल्याची शिकवण मुरत असतानाच दुसरा येतो, तेव्हा संकटाच्या क्षणी चौघांपैकी दोघे पुढे धावतात आणि दोघे मागे. गोल तिथे होतो.

त्यात पहिल्या तिन्ही हंगामांत साखळीचे सामने प्रत्येकाला चौदाच होते आणि सगळी स्पर्धा ऑक्टोबर ते डिसेंबर एवढ्यात आटोपत असे. एकमेकांची सवय लागेपर्यंत बिऱ्हाड मोडायची वेळ. अशा स्पर्धेत मागच्या वर्षीचे जितके पुढच्या वर्षात नेता येईल तितके सोने. आपल्याकडे केळीचा शेतकरी हे जाणतो. पहिले पीक निघाले की तो सगळी बाग उपटून टाकत नाही. बुंध्याशी आलेले चांगले पील राखतो आणि त्याच मुळांवर पिलबाग घेतो. दुसऱ्या पिकाला रोपाचा आणि लावणीचा खर्च नसतो. पुण्याने पिलबाग कधी घेतलीच नाही. दर वर्षी नवी लावण, दर वर्षी पहिल्यापासून सुरुवात.

यावर कुणी म्हणेल, प्रशिक्षक तर विजेत्यांनीही बदलले. बरोबर आहे आणि या आक्षेपाला बगल देऊन चालणार नाही. कोलकात्याने २०१४ चा चषक हबासच्या हाताखाली आणि २०१६ चा मोलिना यांच्या हाताखाली जिंकला. चेन्नईने २०१५ मध्ये मातेराझ्झी आणि २०१८ मध्ये जॉन ग्रेगरी यांच्याबरोबर बाजी मारली. मग प्रशिक्षक बदलण्याने काय बिघडते? उत्तर असे की त्यांनी माणूस बदलला तेव्हा घर शिल्लक ठेवले होते. कोलकात्याकडे बोर्खा फर्नांडेझ पहिल्या तिन्ही वर्षी मधली फळी सांभाळत होता. चेन्नईच्या दोन्ही विजेत्या संघांत मिझोरमचा जेजे लालपेखलुआ होता. आणि मातेराझ्झींनाही पहिल्या वर्षी चषक मिळाला नव्हता, तरी दुसरे वर्ष देण्यात आले होते. नवी सून आली तरी सासूने मांडलेले घर तिच्या हाती येते. रिकाम्या घरात रोज नवी सून आणून संसार होत नाही.

हे सारे माझे तर्कट वाटेल. पण याचा पडताळा पुढच्या तीन-चार वर्षांत मिळाला आणि तो इतका नेमका मिळाला की प्रयोगशाळेतही याहून चांगला मिळाला नसता. पुणे बंद पडल्यावर त्याची स्पर्धेतली जागा हैदराबादला गेली. नवे मालक, नवे नाव. प्रशिक्षक मात्र फिल ब्राउनच आणि मार्सेलिनो, आदिल खान, निखिल पुजारी अशी काही माणसेही पुण्याचीच. पहिल्या वर्षी, २०१९-२० मध्ये, हैदराबाद अठरा सामन्यांत दहा गुण मिळवून सर्वांत शेवटी आले. हंगामाच्या मध्यावर ब्राउन गेले. इथपर्यंत गोष्ट पुण्याचीच पुढची पाने वाटावीत अशी.

नंतर पान उलटले. २०२० मध्ये स्पेनचे मानोलो मार्केझ आले आणि तीन हंगाम टिकले. त्यांनी मोठ्या नावांच्या मागे न लागता आकाश मिश्रासारखी कोवळी भारतीय पोरे हाती घेतली आणि चुका झाल्या तरी त्यांनाच खेळवत राहिले. पहिल्या वर्षी संघ पाचवा आला. बाद फेरी थोडक्यात हुकली. पुण्याच्या रिवाजाप्रमाणे इथे प्रशिक्षकाला नारळ मिळायला हवा होता. तो मिळाला नाही. दुसऱ्या वर्षी, २० मार्च २०२२ रोजी, गोव्यात केरळ ब्लास्टर्सविरुद्धचा अंतिम सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टींमध्ये लक्ष्मीकांत कट्टीमणी या गोव्याच्याच गोलरक्षकाने तीन फटके अडवले. हैदराबाद विजेते झाले. हा कट्टीमणी शेवटच्या क्रमांकाच्या वर्षीही त्याच संघात होता. निखिल पुजारीही होता. माणसे थोडीफार तीच, नियम तेच, स्पर्धा तीच. मधे फक्त थांबणे शिकले गेले होते.

आणि हेच उदाहरण उलट्या बाजूनेही खरे ठरले. २०२३ मध्ये मार्केझ गेले. पाठोपाठ पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले आणि २०२३-२४ च्या हंगामात बावीस सामन्यांत एक विजय मिळवून तेच हैदराबाद पुन्हा सर्वांत तळाला गेले. दोन वर्षांपूर्वीच्या विजेत्यांची ही गत. साठवलेले पाणी बंधारा फुटला की एका रात्रीत वाहून जाते.

केवळ पैशाचा किंवा लोकाश्रयाचा हा प्रश्न नाही, हे पाहायला कोलकात्याचा ईस्ट बंगाल क्लब पुरेसा आहे. १९२० साली स्थापन झालेला, लाखोंच्या गळ्यातला ताईत. २०२० मध्ये तो सुपर लीगमध्ये आला आणि पहिल्या चार हंगामांत त्याचे क्रमांक होते नववा, अकरावा, नववा, नववा. त्याच शहरातला मोहन बागान त्याच काळात चषक उंचावत होता. ईस्ट बंगालमध्ये या काळात पुरस्कर्ते बदलले, करारांवरून वाद झाले, प्रशिक्षक आले आणि गेले. नियम दोघांना सारखे होते. एका घरात उद्याची खात्री होती, दुसऱ्यात दर उन्हाळ्यात प्रश्न असे की यंदा संघ उभा राहणार की नाही.

पुण्याचे दुखणे तर याहून जुने आहे. २००७ मध्ये पिरामल समूहाने पुणे एफसी उभा केला. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये तो दुसरा आला, त्याच्या प्रबोधिनीतून चांगली पोरे निघू लागली आणि २०१५ मध्ये क्लब बंद झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स आय-लीगमध्ये दोन हंगाम टिकला. मग पुणे सिटी. बारा वर्षांत चार क्लब आणि चारही मिटले. उद्योगपतीला खेळ आवडतो हे चांगले आहे. पण ताळेबंदात खेळ ‘खर्च’ या सदरात असतो आणि मंदी आली की कात्री प्रथम तिथेच लागते.

याच्या शेजारी कोल्हापूर ठेवून पाहा. तिथे त्रेझेगे आला नाही की फिओरेंटिना आले नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे संघ पेठापेठांतून पिढ्यान् पिढ्या खेळत आले आहेत. शाहू स्टेडियमवर पेठेच्या इज्जतीसाठी माणसे उन्हात गर्दी करतात. आज खेळणाऱ्याचा काका तिथे खेळलेला असतो आणि बाप कट्ट्यावरून शिव्या देत असतो. तिथल्या खेळात उणिवा आहेत, ईर्ष्या कधी कधी हातघाईवरही जाते. पण ते संघ कुणा मालकाच्या लहरीवर उभे नाहीत, म्हणून मोडत नाहीत. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. त्याला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीने घडवले हे खरे, पण प्रबोधिनीत पाठवण्याजोगा मुलगा आधी गावात तयार व्हावा लागतो.

आता आपल्या घराकडे वळतो. कारण पुण्याचा क्लब बुडाला याचे दुःख जळगाव-धुळ्याने का करावे, असे कुणी विचारू शकेल. एक कारण सरळ आहे. खानदेशातल्या गुणी पोराला रात्रीच्या बसने गाठता येईल असे व्यावसायिक फुटबॉलचे एक दार २०१९ मध्ये बंद झाले. पण दुसरे कारण अधिक झोंबणारे आहे. जी धरसोड पुण्याने कोट्यवधी रुपये खर्चून केली, ती आपण फुकटात करत आहोत.

१५ सप्टेंबर २०१७ हा दिवस आठवा. विश्वचषकाच्या निमित्ताने राज्य सरकारने ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ हा उपक्रम केला आणि राज्यभरातल्या शाळांना फुटबॉल वाटले. मुंबईच्या शाळेला जो चेंडू मिळाला तोच चोपड्याच्या, साक्रीच्या, शिंदखेड्याच्या शाळेला मिळाला. समान संधीचे याहून सरळ उदाहरण कोणते? त्या दिवशी मैदाने पोरांनी फुलली, फोटो निघाले, वर्तमानपत्रांत छापून आले. सोळा तारखेला काय झाले? ज्या शाळेत खेळ जाणणारा आणि टिकून राहणारा शिक्षक होता, तिथे तो चेंडू झिजून फाटला. बाकीच्या ठिकाणी तो मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात गेला. हवा गेलेला तो चेंडू कपाटात जितका नवा राहिला, तितकी ती संधी वाया गेली.

सुब्रतो चषकाचेही तेच. शाळांसाठीची ही स्पर्धा १९६० पासून चालू आहे आणि तिचे दार कुठल्याही जिल्ह्याच्या शाळेला उघडे आहे. जिल्हा, विभाग, राज्य आणि मग दिल्ली. वाट सगळ्यांना एकच. पण आपल्याकडे किती शाळांचे संघ वर्षभर खेळत असतात? स्पर्धेचे पत्रक आले की आठ दिवसांत संघ जमवायचा, धावता येणारी पोरे हुडकायची, बूट उसने आणायचे आणि पहिल्या-दुसऱ्या सामन्यात हरून परत यायचे. मग म्हणायचे, आमच्या पोरांना संधी मिळत नाही. दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी आणि नोकरीतल्या पाच टक्के आरक्षणासाठी प्रमाणपत्रांची धडपड वर्षभर चालते, सरावाची मात्र आठ दिवस. कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला हजारोंच्या बक्षिसांची स्पर्धा होते, प्रकाशझोत लागतात, ध्वनिक्षेपकावर नावे घेतली जातात. पुढच्या वर्षी पुढाऱ्याचा पक्ष बदलतो किंवा आवड बदलते आणि स्पर्धा कॅलेंडरातून नाहीशी होते. ‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण आपण दुसऱ्यांना ऐकवतो, वागतो मात्र तसेच.

संधीची मागणी सोडा असे मी म्हणत नाही. मैदाने कमी आहेत, ती मागायलाच हवीत. शाळांतली क्रीडाशिक्षकांची पदे भरायलाच हवीत. जिल्हा आणि तालुका संकुले लग्नाच्या मांडवांसाठी नसून पोरांसाठी आहेत, हे ठणकावून सांगायलाच हवे. पण मागण्याबरोबर राखण्याची तयारी नसेल, तर मिळालेले हातातून निसटत राहील आणि प्रत्येक पिढी तीच तक्रार नव्याने करील.

यासाठी कोट्यवधी लागत नाहीत. जळगाव किंवा धुळ्यातल्या एखाद्या संस्थेने, सहकारी बँकेने, व्यापारी मंडळाने एवढेच ठरवावे की दहा-बारा वर्षांची वीस पोरे-पोरी निवडू, एक मार्गदर्शक नेमू आणि पाच वर्षे त्याला हलवणार नाही. पहिल्या दोन वर्षांत चषक मागणार नाही. संघ हरला तर कार्यकारिणीची बैठक बोलावून त्याचा जाब विचारणार नाही. मार्गदर्शकाचा पगार दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला देऊ आणि अध्यक्ष बदलले तरी हा ठराव बदलणार नाही. वीस पोरांपैकी दोघे पुढे गेले तरी उरलेल्या अठरांतून उद्याचे शिक्षक, पंच आणि कट्ट्यावरून ओरडणारे जाणते बाप तयार होतील. मैदान त्यांच्यावरच टिकते.

पुणे सिटीकडे विश्वविजेता होता, विजेता प्रशिक्षक होता, सर्वाधिक गोल करणारा होता. दुसऱ्यांदा प्रयत्न करू देणारा मालक तेवढा नव्हता. आपल्याकडे यातले पहिले तीन येण्याची शक्यता नाही. चौथा मात्र आपल्याच गावात, आपल्याच एखाद्या संस्थेच्या कचेरीत बसलेला असू शकतो. त्याला शोधायला पुण्याची गाडी धरावी लागणार नाही.